'कष्टाचं मला काही नव्हतं'

इंदूरच्या जिल्हा कोर्टाजवळ एका वकिलांकडे मी हिंदी अर्ज टंकते. वर्षातून दोन-चारदा आतून निरोप येतो: साक्षीदार मराठी बोलतेय, दुभाषी हवी. मग जाऊन शपथ घ्यायची. साक्षीदारासारखी दुभाष्यालाही शपथ असते, १९६९ च्या शपथ कायद्यात तसं आहेच. साक्षीदार मराठीत बोलते, मी हिंदीत सांगते, न्यायाधीश साहेब त्याचं वाक्य जुळवून स्टेनोला देतात. कागदावर 'मैं' म्हणून जे उमटतं ते तीन तोंडांतून गेलेलं असतं.

त्या दिवशीची बाई जळगावकडची, सासर इथलं, हिंदी बाजारापुरतं. कलम ४९८-अ, म्हणजे विवाहितेला सासरी क्रूर वागणूक; आरोपी नवरा आणि सासू. (१ जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं, हे प्रकरण त्याआधीचं.)

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी पोलिसांपुढचा जबाब काढला. 'सास रोज़ जाँच करती थी. पति ने मेरे साथ छल किया.' आणि विचारलं, सास घर का सामान जाँचती थी, तो इसमें क्रूरता क्या हुई? मारपीट तो आपने पुलिस को बताई ही नहीं!

मला ऐकताक्षणी उलगडलं. ती म्हणाली असणार, 'सासूचा जाच होता, नवरा छळायचा.' लिहून घेणाऱ्याने कानावर पडलं तसं उतरवलं. हिंदीत जाँच म्हणजे तपासणी आणि छल म्हणजे फसवणूक. संस्कृतातही छल म्हणजे कपटच. हिंदीने तो अर्थ सांभाळला, आपल्याकडे येता येता त्याला काठी मिळाली. तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे हा कागद तिने कधी बघितलाही नसणार. चार ओळी लिहिताना 'जाच म्हणजे काय हो बाई?' एवढं विचारायला किती वेळ लागतो?

दुभाष्याने स्वतःचं मत द्यायचं नसतं. तरी मी साहेबांची परवानगी मागून दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले, त्यांनी ते लिहवून घेतले. खोटं कशाला बोलू, मला जरा चढलंच.

मग मी प्रत्येक शब्द पारखून द्यायला लागले. ती म्हणाली, 'माझे हाल केले.' हाल मूळ अरबी, अर्थ नुसती स्थिती. हिंदीत 'क्या हाल है' विचारून माणूस हसतो. मी 'दुर्दशा' दिलं. 'त्रास द्यायचे' म्हणाली तेव्हा अडले. मराठीत त्रास डासांचाही होतो आणि नवऱ्याचाही. साहेबांना सांगून तिलाच विचारलं, कसला त्रास? तिने डावं मनगट वर केलं. ते वाकडं जुळलेलं होतं. मी 'सताते थे' म्हटलं, आणि मनगटाचंही लिहवून घेतलं.

शेवटी वकिलांनी विचारलं, घर के काम में आपको तकलीफ़ होती थी, इसलिए मायके गईं? ती ताठ झाली. 'कष्टाचं मला काही नव्हतं. माहेरीही रानात कष्टच केले. जाच सोसवला नाही.' आणि मी सरळ म्हणून गेले, 'कष्ट की मुझे कोई शिकायत नहीं थी...' पुढचं मीही बोलले, पण वकील 'बस, इतना ही' म्हणून बसलेही होते.

जबाब संपला की तो साक्षीदाराला वाचून दाखवायचा असतो, आणि भाषा दुसरी असेल तर समजावूनही. म्हणजे माझंच हिंदी मला परत मराठी करायचं होतं. सगळं नीट चाललं होतं. मग ती ओळ आली: 'मुझे ससुराल में कष्ट की कोई शिकायत नहीं थी.' 'ससुराल में' कुठून आलं, देव जाणे. मी कागदावर होतं तेच मराठीत सांगितलं, 'सासरी मला दुःखाची काही तक्रार नव्हती.'

'असं कुठं म्हटलं मी?'

माझ्या पोटात गोळा आला. आम्हा इंदूरकरांच्या घरात कुणी आलं-गेलं तर 'तुम्हाला उगाच कष्ट दिला' म्हणतात. तो कष्ट हिंदीतला. तिचा कष्ट म्हणजे मेहनत, जिचा तिला अभिमान होता. तिच्या तोंडून निघालेला शब्द मी माझ्या घरच्या कानाने ऐकला. पोलीस ठाण्यात जबाब लिहिणाऱ्या त्या माणसापेक्षा मी वेगळं काय केलं? त्याने निदान शपथ घेतली नव्हती.

मी साहेबांना चूक माझी म्हणून सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. साक्षीदाराने हरकत घेतली तर वाक्य दुरुस्त न करता खाली टीप लिहिण्याची मुभा त्यांना असते, तशी त्यांनी लिहवली: दुभाषीनुसार इथे 'कष्ट' म्हणजे परिश्रम. वरचं वाक्य तसंच राहिलं.

सही करायला वाकताना तिने हळूच विचारलं, 'ताई, माझं काही चुकलं का?'

'तुमचं नाही.'

तिने उजव्या हाताने, मोठ्या अक्षरांत मराठीत सही केली. डाव्या मनगटाने कागद दाबून धरला होता. युक्तिवादाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. टीप बारीक टंकात आहे, आणि पान उलटल्यावर येते.