काजवे बघायला गेलो आणि शेणापाशी थांबलो

मृग लागायला दोन-चार दिवस होते. वळवानं जमीन भिजलेली. फुलेवाडीत मिसळ हाणली आणि मित्राच्या मोटारसायकलवरून दाजीपूरची वाट धरली. कोल्हापूरपासून ८० किलोमीटर. राधानगरी धरणावर पाच मिनिटं थांबलो, नेहमीचे फोटो काढले.

जायचं होतं काजव्यांसाठी. पण संध्याकाळी गावाबाहेरच्या पायवाटेवर गव्याच्या शेणाचा ताजा पो दिसला आणि मी तिथंच उकिडवा बसलो. एक शेणकिडा डोक्याच्या फावड्यानं शेण कापत होता. बघता बघता त्यानं गोटीएवढा गोळा वळला, डोकं खाली घातलं आणि मागच्या पायांनी तो ढकलत उलटा निघाला, अगदी सरळ रेषेत. मध्येच खड्याला धडकून कोलमडला. मग गोळ्यावर चढला, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि पुन्हा तीच दिशा धरली. ही गिरकी म्हणजे आभाळ बघून दिशेचा अंदाज घेणं. दक्षिण आफ्रिकेतला एक शेणकिडा तर रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून वाट धरतो. २०१३ साली हे सिद्ध करताना संशोधकांनी किड्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या होत्या!

वाटेनं एक मामा आले. विचारलं, "मामा, कुठं न्यायलाय ह्यो?"

"पोरांचं जेवान हाय ते. पुरतोय की आता. तू वाटंतनं सरक आधी."

खरंच होतं. मादी अशाच गोळ्यात अंडं घालते आणि अळी तो आतून खात वाढते. पोपाशी रेंगाळलं तर दुसरा किडा गोळा पळवतो, म्हणून सरळ रेषेत पळ काढायचा.

अंधार पडल्यावर झाडं लुकलुकू लागली. काजवाही शेणकिड्यासारखा भुंगेऱ्यांच्याच कुळातला, हे मित्राला पटेना. एक नर माझ्या बाहीवर बसला तेव्हा दाखवलं: पाठीवर तीच पंखांची झाकणं, फक्त मऊ. शेणकिड्याची कवचासारखी टणक होती, माती उकरायला तसलीच हवीत. काजव्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन उजेड पडतो, पण चटका नाही. मादीनं उलट लुकलुकून साद द्यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. ह्याची अळी मात्र गोगलगायी फस्त करते.

तेवढ्यात कुणीतरी गाडीचा हेडलाइट झाडावर मारला. अख्खं झाड विझलं. चार शिव्या मनातल्या मनात दिल्या.

सकाळी पोपाशी जाऊन बघितलं. निम्मा पो गायब, आणि आजूबाजूला भुसभुशीत मातीचे सात ढीग.