कोटवाला टॉम

टॉम अँड जेरीतला आवडता भाग कुठला असं कुणी विचारलं तर मी विचार न करता सांगते, पियानोवाला. नाव 'द कॅट कन्चेर्टो', 1947 च्या एप्रिलमध्ये थेटरात लागलेला, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळायलाही अजून काही महिने होते. हे सगळं मला फार नंतर कळलं, लहानपणी आमच्यासाठी तो फक्त कोटवाल्या टॉमचा होता आणि कार्टून नेटवर्कवर कधी लागेल याचा काही नेम नसायचा. लागला की आई तव्यावरची पोळी तशीच ठेवून दारात येऊन उभी राहायची. मग त्या दिवशी एक पोळी करपलेली, ती बाबांना.

एरवी काय असतं, घर असतं, फ्रीज असतो, तो दांडगा कुत्रा असतो, नुसते पाय दिसणारी मालकीण असते. इथे त्यातलं काहीच नाही. काळा कोट घालून टॉम स्टेजवर येतो, वाकून नमस्कार करतो आणि डोळे मिटून फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सडी नंबर 2 ही पियानोवरची रचना सुरू करतो, काय तो तोरा! आणि आत पियानोत जेरी गाढ झोपलेला. पट्टी दाबली की आतली हातोडी उडते, तिच्यावर हा. झोपमोड झाली, संपलंच मग.

आता खरी मजा अशी की टॉमला थांबता येत नाही. रोज उंदराच्या मागे अख्खं घर डोक्यावर घेणारा हा बोका, पण आज समोर पब्लिक बसलंय ना, मग एकीकडे वाजवायचं, एकीकडे उंदराला टपली मारायची आणि तोंड मात्र मोठ्या कलावंताचं ठेवायचं. जेरी त्याच्या बोटांवर झाकण आपटतो, पट्टीच्या जागी चक्क सापळा लावतो (उंदराने मांजरासाठी सापळा!), एका वेळेला तर टॉम हाताने जेरीला शोधतोय आणि पायाने वाजवतोय. पण सूर तुटत नाही. डायलॉग एकही नाही, जे काय बोलायचं ते स्कॉट ब्रॅडलीचं म्युझिक बोलतं.

मला टॉमचं इतकं वाईट वाटायचं कारण आमच्याकडेही असा एक जेरी होऊन गेला. एका गणपतीत माळ्यावरून पेटी काढली, पुसली, आणि आरतीला मी ऐटीत बसले, नववीत होते, दोन परीक्षा झालेल्या. भाता मारते तर नुसतं फुस्स. मागच्या बाजूने उंदराने भात्याला व्यवस्थित भोक पाडलं होतं, पण तोवर काकांनी सुखकर्ता सुरू केलेलं आणि वीस-पंचवीस माणसं टाळ्या वाजवतायत, आता उठणार कशी? मग काय, हसत हसत जीव खाऊन भाता मारत राहिले, चार सूर लागायचे की पेटीला दम लागायचा, शेवटी शेवटी तर मी नुसती बोटं फिरवत होते. आणि ज्याच्यामुळे हे झालं त्याचा भाऊबंद समोर मखरात, बाप्पाच्या पायाशी मोदक धरून बसलेला. आजी म्हणाली, अगं त्याचंच वाहन ते, त्याला कोण काय बोलणार. प्रसाद घेताना सगळ्यांनी कौतुक केलं ते झांज वाजवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचं.

टॉमचंही तेच होतं. शेवटी तो पार गळून पियानोवर पडतो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि लाईट जातो जेरीवर, तो कोट घालून ऐटीत वाकतो.

या भागाला ऑस्कर मिळालं. टॉम अँड जेरीला एकूण 7 ऑस्कर आहेत आणि हे बनवलं विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी (टॉमची ती फेमस किंकाळी हॅनाच्याच गळ्यातली बरं का), पण बाहुल्या घ्यायला जायचे प्रोड्युसर फ्रेड क्विम्बी! हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. वर आणखी भानगड म्हणजे त्याच सुमाराला वॉर्नर ब्रदर्सनेही बग्ज बनीला पियानोवर बसवलेलं, तीच लिस्टची ऱ्हॅप्सडी, त्यातही पियानोत उंदीर, आणि मग तू माझं चोरलंस, नाही तूच माझं चोरलंस. एका उंदरावरून दोन स्टुडिओ भांडले.

आमच्या पेटीला नवा भाता बसवला, आता ती पिशवीत, पिशवी पेटाऱ्यात आणि पेटाऱ्यात डांबरगोळ्या. तरी रात्री माळ्यावर खुडबुड झाली की मी उठत नाही, पडल्या पडल्या कान देते, सुरात आहे का बघते.