काटा हिरव्यातच होता

इचलकरंजीतल्या त्या लूमच्या कारखान्यात आम्ही पहिल्यांदाच जात होतो. आग विझवायच्या साधनांची देखभाल करणारी आधीची एजन्सी बदलून मालकांनी काम आमच्याकडे दिलं होतं. जुलैचा तिसरा आठवडा, बाहेर बारीक पाऊस, आणि फोनवर मालकांचं एकच म्हणणं, “बी फॉर्म तेवढा लगेच द्या.”

बी फॉर्म म्हणजे आग विझवायची साधनं चालू स्थितीत आहेत असं प्रमाणपत्र. ते लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं. २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यातली ही तरतूद. त्यामुळे हे दोन महिने आम्हाला जेवायला वेळ नसतो. घाईत काही जण आग विझवायची बाटली खुंटीवरून न काढताच कार्डावर तारीख टाकून पुढे जातात. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा तान्ही बाळं गेली. तेव्हापासून फॉर्मवर सही करताना माझा हात आधी थांबतो, मग चालतो.

कारखान्यात चोवीस लूम होते आणि आठ बाटल्या. सहा किलोच्या एबीसी पावडरच्या, म्हणजे लाकूड-कापड, तेल, गॅस अशा आगींवर चालणाऱ्या, सात; आणि साडेचार किलोची सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची, एक, विजेच्या पॅनलजवळ. सगळ्यांवर जानेवारीचं स्टिकर. ऑफिसातली पहिली बाटली उत्तम निघाली. दुसरीचं नोझल बोटानं चाचपलं तर आत माती. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. तार घालून कोरलं तेव्हा वाळकी माती आणि दोन मेलेल्या अळ्या हातावर पडल्या. बाहेरून ती बाटली नव्यासारखी लखलखत होती.

लूमची दुरुस्ती-देखरेख करणारे, पन्नाशी उलटलेले जॉबरमामा शेजारी उभे राहून बघत होते. मी विचारलं, “मामा, ही कधी चालवून बघितलीय का?”

“न्हाई बा. हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय. सील तुटलं तर पैसं पडत्यात.”

हे मी पुष्कळ ठिकाणी ऐकलंय, आणि दरवेळी वाईट वाटतं. ज्याच्या हाताशी ती बाटली टांगलीय, त्यालाच तिची भीती घातलेली असते.

बाराच्या सुमाराला मागच्या रांगेतल्या एका लूमच्या स्टार्टरमधून चट् असा आवाज आला. लूमच्या कारखान्यात सुताची बारीक लव सगळीकडे बसलेली असते, मोटरीवर, वायरींवर, छताच्या अँगलवर. ठिणगी तिच्यावर पडली. लवेवरून आग पेटत जात नाही, ती पळते. मी मान वळवेपर्यंत ज्योत ताण्याच्या सुतावर चढली होती.

मामांनी सगळ्यात आधी धाव घेतली. खांबावरची बाटली काढली, मी सकाळी दाखवलं होतं तशी पिन ओढली, दांडी दाबली. फुस्स करून गॅस आला, मूठभर पावडर उडाली, आणि संपलं. मामा दाबतच राहिले. त्या बाटलीचा दाब दाखवणारा काटा खांबावर असताना हिरव्या पट्ट्यात होता. मी स्वतः पाहिला होता, फक्त खाली उतरवायची तिची पाळी अजून आली नव्हती.

माझ्याबरोबरच्या पोरानं मेन स्विच पाडला. एक लूमवाला पॅनलजवळची सीओटू घेऊन आला आणि त्यानं स्टार्टर विझवला. वीज आहे तिथं सीओटू हीच योग्य, मागे कचराही राहत नाही. पण त्यानं मुठीऐवजी हॉर्नच, म्हणजे वायू जिथून बाहेर येतो तो भोंगाच धरला होता. हा वायू बाहेर पडताना इतका गार होतो की त्याचा बर्फ होतो, उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा. त्याची चार बोटं पांढरी पडली आणि कातडी हॉर्नला चिकटली. शिवाय सुतावर सीओटूचा उपयोग टिकत नाही. ज्योत दबते, आतला निखारा तसाच राहतो, आणि वायू विरला की पुन्हा धग धरतो.

आम्ही टेंपोत दोन भरलेल्या बाटल्या कायम ठेवतो. दुरुस्तीला बाटली नेली तर जागा रिकामी राहू नये म्हणून. मी त्यातली एक घेऊन पळत आलो. दारातच मामा ओरडले, “जवळ या, जवळून मारा!” मी नाही गेलो. सहा किलोच्या बाटलीचा झोत जोरात असतो. जवळून मारला तर जळती लव उडून शेजारच्या लूमवर जाते. तीन मीटरवर थांबलो, दाराकडे पाठ ठेवली, ज्वाळेच्या शेंड्यावर न मारता बुडाशी नोझल धरलं आणि डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरवत नेलं. अशी बाटली सलग पंधरा-वीस सेकंद चालते, त्याहून जास्त नाही. त्या सेकंदांत दुसरं काही सुचत नाही, फक्त झोत बुडावरून हलू द्यायचा नाही एवढंच.

ज्योत बसली. सगळा कारखाना पिवळट धुक्यानं भरला, समोरचा माणूस दिसेना. कांड्या भरणाऱ्या, कांडीवाल्या बायका पदर तोंडाला लावून केव्हाच अंगणात गेल्या होत्या, हे फार बरं झालं. दोन मिनिटांत लूमखालून पुन्हा धूर आला. एबीसी पावडर निखाऱ्यावर वितळून साय धरल्यासारखी बसते आणि हवा तोडते, पण कापडाच्या रोलच्या पोटात ती पोचत नाही. दुसरी बाटली तिथं संपवली. मेन बंद असल्याची पुन्हा खात्री केली, मगच पाण्याच्या बादल्या ओतायला सांगितल्या. १०१ ला फोन आधीच केला होता. बंब आला, जवानांनी छताचे अँगल तपासले, रोल बाहेर काढून भिजवला. एक लूम आणि ताण्याचं सूत गुंडाळलेले दोन बीम गेले. लूमवाल्याची बोटं कोमट पाण्यात धरून त्याला दवाखान्यात पाठवलं. माणसं सगळी धड होती.

मग मामांची बाटली घेऊन अंगणात बसलो. पालथी करून राहिलासाहिला गॅस सोडला, डोकं उघडलं, आतली नळी ओढली तर ती निघेना. स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून मोकळी केली आणि बाटली वर्तमानपत्रावर उलटी धरली. काहीच पडलं नाही. पावडरीची गुळासारखी ढेप झाली होती. बुडाशी थापा मारल्यावर ती दोन तुकड्यांत खाली आली. मधोमध पेन्सिलीएवढं भोक होतं. गॅसनं ढेपेतून आपल्यापुरती वाट काढली होती आणि तो एकटाच निघून गेला होता.

मामा बराच वेळ ते भोक बघत राहिले. “मग काटा खोटा बोलला म्हणायचा?”

“काटा खरंच बोलला मामा. आत दाब होता, तेवढंच त्याला कळतं. पावडर मोकळी आहे की नाही, ते त्याला कळत नाही.”

या बाटल्यांत कोरडा नायट्रोजन भरायचा असतो. साध्या कॉम्प्रेसरची हवा भरली की तिच्यातला ओलावा आत जातो आणि पावडर धरते. दुसरं कारण तिथंच समोर होतं. लूमचे ठोके रात्रंदिवस चालू, खांब थरथरतो, आणि खांबावरच्या बाटलीतली पावडर पोत्यात ठासल्यासारखी बसत जाते. म्हणून ती महिन्यातून एकदा काढायची, पालथी करायची, हलवायची. मोकळी पावडर आत सरकताना हाताला कळते. पाहिजे तर कान लावावा.

त्या दिवशी पावडरच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या उघडल्या. आणखी तीन ढेपा निघाल्या. मालक आले तेव्हा चारही कागदावर मांडलेल्या होत्या. त्यांनी फॉर्मचं विचारलं नाही, मीच सांगितलं, “आज सही होणार नाही.” त्यांनी मान हलवली. मग मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. लूमवरची पावडर आजच्या आज ब्रशनं काढून पुसून घ्या, पावसाळी हवेत ती लोखंड खाते. आणि कुणी बाटली एकदा जरी दाबली तरी ती परत खुंटीवर लावू नका. व्हॉल्व्हमध्ये कण अडकतो आणि गॅस हळूहळू निघून जातो.

तीन दिवसांनी सगळ्या भरून आणल्या, माझ्या बाजूनं दोन जुन्या बाटल्या सरावाला जास्तीच्या आणल्या. अंगणात पत्र्याच्या ट्रेत चिंध्या पेटवल्या. आधी मामा, मग लूमवाले, मग कांडीवाल्या बायका. एक मावशी पिन ओढायची सोडून दांडीच दाबत होत्या, चिडून म्हणाल्या, “ही मेली दबंना!” दांडी दाबून धरली की पिन अडकते, हे हाताला एकदा कळावं लागतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी एका झोतात ट्रे विझवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बी फॉर्मवर मी त्यानंतर सही केली.

जानेवारीत परत गेलो. दारातूनच दिसलं, प्रत्येक बाटलीखाली भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. मोजल्या, सहा. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत, दर महिन्याच्या एक तारखेला एक. नोझलवर मातीचा कण नाही.

पॅनलजवळच्या सीओटूखाली मात्र रेघ नव्हती. मामा म्हणाले, “तिला काटा न्हाई, आन् ती उलटी करून काय कळत न्हाई, तुम्हीच सांगितलंय न्हवं? ती तोलायची.” सुताचं वजन करायच्या काट्यावर ते दर महिन्याला तिला ठेवत होते. रेघांच्या जागी लोखंडी बाटलीसकट वजनाचे किलोतले आकडे होते, एकाखाली एक, सहाही तेच.

१५.८
१५.८
१५.८
१५.८
१५.८
१५.८