वापिटी, भाग ७ : उदबत्तीनं केला घात

मंडळी, वापिटी या जुन्या ब्रिटिश दुपंखी विमानाचं छोटं मॉडेल करतोय. मागच्या भागात ‘आता फक्त रिगिंग (पंखांमधल्या ताणाच्या तारा) उरलंय’ असं लिहिलं होतं. त्यातला ‘फक्त’ मी परत घेतो.

जूनमध्ये नायलॉनच्या सगळ्या तारा सतारीसारख्या ताठ बसल्या होत्या. मग पुण्याची झिमझिम सुरू झाली आणि त्या कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या. नायलॉन दमट हवेत लांबतं. उपाय आपला नेहमीचाच, पेटती उदबत्ती जवळ न्यायची की दोरा आकसतो. मंगळवारी रात्री डावीकडची मागची फ्लाइंग वायर (उडताना पंखांना धरून ठेवणारी तार) अशी झकास ताणली गेली. हाव सुटली, शेजारचीलाही धूप दाखवला. टक्! बाहेरचा स्ट्रट (दोन पंखांमधली दांडी) वरच्या पंखातून निखळला आणि टोकाला दोन मिलिमीटरचा पीळ. १/७२ मापाच्या मॉडेलमध्ये वापिटीचा पंखविस्तार जेमतेम १९६ मिमी. समोरून विमान डोळा मारतंय असं दिसत होतं. त्यात बायको विचारते, ‘आज कसली पूजा?’

दोन दिवस हात लावला नाही. मग लक्षात आलं, दोष उदबत्तीचा नाही, ताणाचा आहे. खऱ्या विमानात फ्लाइंग आणि लँडिंग वायर (जमिनीवर पंखांचं वजन पेलणारी) एकमेकींविरुद्ध ओढतात आणि पंखाचा सांगाडा ते सोसतो. आपला वॅकफॉर्मचा (गरम प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर ओढून केलेला) पातळ पंख काय सोसणार? म्हणजे तार ओढणारी नकोच, नुसती जागेवर बसणारी हवी.

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत वाइंडिंग वायर (मोटरमध्ये गुंडाळतात ती तांब्याची बारीक तार) मागितली. ४० गेज, पन्नास ग्रॅम.

‘कुठली मोटर?’

‘मोटर नाही काका, विमान.’

काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि मुकाट्यानं वजन केलं. पन्नास ग्रॅममध्ये माझा हा जन्म निघेल.

आता कृती. तारेचं एक टोक पिन व्हाइसमध्ये (हातात धरायच्या चिमुकल्या शिकंजात), दुसरं पकडीत. किंचित ‘सुटल्याचं’ जाणवेपर्यंत हळूच ओढायचं, तार पट्टीसारखी सरळ होते. मग काचेवर ठेवून स्टीलच्या पट्टीखाली लाटायची. हो, पोळीसारखी! गोल तार चपटी होते आणि त्या काळातल्या ब्रिटिश विमानांच्या तारा चपट्याच असत. नायलॉनमध्ये ते कधीच साधत नाही. डिव्हायडरनं माप घ्यायचं, केसभर तोकडी कापायची, दोन्ही टोकांना सुपरग्लूचा ठिपका. असे चाळिसाच्या वर तुकडे. पहिल्या रात्री सहा बसले, काल अकरा. काल दिवा बाजूला धरून बघितलं तर तारेची कड चमकली. चहा गार झाला तरी बघत बसलो होतो.

सुपरग्लू जेलच घ्या. मी ऑनलाइन मागवलेल्या पातळ ग्लूच्या दोन बाटल्या आतून दगड होऊन आल्या, परतावा शून्य. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याची दहा रुपयांची ट्यूब बरी.

हे लिहिताना डोक्यात किडा वळवळला. तार एवढी उरलीये, तर तीच प्लॅस्टिकच्या काडीवर वेटोळी करून वापिटीच्या ज्युपिटर इंजिनाचे सिलिंडर का करू नयेत? फिन्स (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या कडा) आपोआप तयार! किटमधलं इंजिन म्हणजे नऊ शेंगदाणे. ठरलं, ते काढतो. तिसऱ्या भागात ‘इंजिन ठीक आहे’ म्हणालो होतो, ते विसरा. वापिटी स्वतःच टाकाऊतून टिकाऊ होती. डीएच ९ए या आधीच्या विमानाचे शिल्लक पडलेले भाग खपावेत म्हणून त्यांच्याभोवती आखलेली. मग तिच्या मॉडेलला मोटरची तार शोभेलच.

आणि सरहद्दीवरच्या ब्रिटिश स्क्वाड्रनचे डेकल्स (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) परत पाकिटात गेले. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड हवाई तळावर आपल्या हवाई दलाची एक नंबर स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वापिटींवर. त्यातलीच एक करायची. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरी वापिटी आहे. कुणी दिल्लीला जाणार असेल तर पोटाखालून फोटो काढा, वरून सगळ्यांकडे आहेत.

चंदेरी लॅकर मात्र गणपतीनंतर. या हवेत मारला तर दुधाळ होतो, दोन वर्षांपूर्वी एक पूर्ण विमान तसं घालवलंय. तोवर नऊ सिलिंडर वळायचेत. पहिला आत्ताच वळला, जरा तिरका आलाय.