लाइन गेली की हरवणारा एम ड्राइव्ह

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ एक जिनिंग आहे. तिथे कापसाच्या वजनाच्या पावत्या काढणारा जुना प्रोग्राम आपली माहिती फक्त एम ड्राइव्हवर शोधतो. नव्या संगणकात सी आणि डी एवढेच ड्राइव्ह असल्यामुळे मी कमांड प्रॉम्प्टवर ‘सब्स्ट एम: डी:\काटा’ ही ओळ लिहून डी ड्राइव्हवरच्या काटा या फोल्डरला एम हे अक्षर दिले. डॉसच्या काळातली ही कमांड विंडोजमध्ये अजून टिकून आहे. तिने दिलेले अक्षर मात्र लॉग-ऑफ केले किंवा संगणक बंद पडला की पुसले जाते. त्यात ऐन हंगामात लाइन जाते, यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली, आणि मग काट्यावरच्या पोराचा फोन येतो, “भाऊ, एम ड्राइव्ह दिसून नाही राह्यला.”

तीच ओळ बॅच फाइलमध्ये (कमांड आपोआप चालवणाऱ्या फाइलमध्ये) लिहून मी ती लॉग-इन होताच चालावी म्हणून स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवली. ड्राइव्ह दिसू लागला, तरी प्रोग्रामला तो सापडेना. कारण हा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतो, आणि व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज साध्या व अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अधिकारांची सत्रे वेगळी ठेवत असल्याने एकात जोडलेले अक्षर दुसऱ्याला दिसत नाही. हे उमगेपर्यंत माझी एक अख्खी दुपार गेली.

शेवटी रजिस्ट्रीच, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती जागाच, उघडली. (आधी तिची प्रत काढून ठेवावी, इथली चूक महागात पडते.) एचकेईवाय लोकल मशीनमधून सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर असे उतरत गेले की ‘डॉस डिव्हायसेस’ ही ‘की’ (रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा) लागते. तिच्यात एक नवे स्ट्रिंग मूल्य तयार करून त्याला ‘एम:’ असे कोलनच्या दोन टिंबांसकट नाव दिले आणि आत ‘\??\डी:\काटा’ असे लिहिले. सुरुवातीची ती दोन प्रश्नचिन्हे छपाईची चूक वाटतात, पण ती गाळली तर अक्षर जोडलेच जात नाही. ही नोंद लॉग-इनच्या आधीच वाचली जाते, म्हणून तो ड्राइव्ह सर्व वापरकर्त्यांना आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही दिसतो.

नोंद केल्यावर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ निवडावे, कारण फास्ट स्टार्टअप चालू असल्यास नुसत्या शट डाउनने विंडोज पुरते नव्याने सुरू होत नाही. अक्षर नको झाले तर तीच नोंद पुसून पुन्हा रीस्टार्ट करावे. एवढे मी एका कागदावर लिहून काट्याच्या खोलीत चिकटवले आहे. बॅटरीचे मात्र मालकांनी अजून मनावर घेतलेले नाही.