आमची वाटचाल : चुंबक, उष्णता आणि चिमूटभर डिस्प्रोशियम

आमचा कारखाना फेराइट चुंबकांवर सुरू झाला. निओडायमियम-लोह-बोरॉनचे चुंबक 1980च्या दशकातच बाजारात आले होते. आम्ही त्यांच्याकडे वळलो ते मोटरवाले मागायला लागल्यावर. तयार चुंबक आणायचे आणि रोटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावर, चिकटवून द्यायचे, एवढंच काम.

गिऱ्हाईक विचारायचं, ‘ताकद किती?’ खरा प्रश्न असतो, ‘किती तापणार?’ चुंबकांचे ग्रेड त्यावरच ठरतात : साधा एन ग्रेड साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, एसएच 150, यूएच 180. साधा आणि एसएच, दोन्ही चुंबक निकेलच्या मुलाम्यात सारखेच चकचकतात, वजनातही फरक कळत नाही. ओव्हनमध्ये तापवून, गार करून गॉसमीटर (चुंबकाची ताकद मोजणारं यंत्र) लावला की साध्याचा आकडा घसरलेला असतो, एसएचचा जवळपास तसाच. हा फरक मुख्यतः डिस्प्रोशियम किंवा टर्बियमच्या काही टक्क्यांचा. त्यांच्यामुळे चुंबकत्व उष्णतेत तग धरतं, मात्र मूळ ताकद थोडी कमी होते. जास्तीचे पैसे मोजून कमी ताकद का घ्यायची, हे खरेदी विभागाला पटवण्यात आमचा बराच वेळ गेला आहे!

ही तिन्ही ‘दुर्मिळ मृदा’ (रेअर अर्थ) मूलद्रव्यं : निओडायमियम त्यांच्यातल्या हलक्या गटातलं, डिस्प्रोशियम-टर्बियम जड गटातली. मधल्या मूलद्रव्यांपाशी रेषा कुठे ओढायची, यावर एकमत नाही. यिट्रियम तर अणुभाराने हलक्या गटातल्या लँथॅनमपेक्षाही हलकं, पण त्याच्या आयनाचा (विद्युतभारित अणूचा) आकार जड गटातल्या होल्मियमच्या जवळचा, म्हणून ते जड गटात बसतं. धंद्याला महत्त्वाचं ते वेगळंच. बॅस्टनेसाइट आणि मोनाझाइट या खनिजांमध्ये भरणा हलक्यांचा. त्यांतलं सेरियम तर पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे. जड मूलद्रव्यं मुख्यतः दक्षिण चीन आणि म्यानमारच्या मातीतून येतात. म्हणजे निओडायमियमची नवी खाण कुठे निघाली, तरी डिस्प्रोशियमची चणचण सुटेलच असं नाही.

2010-11 मध्ये चीनने या मूलद्रव्यांचा निर्यात कोटा आवळला आणि भाव असे भडकले की कोटेशनची मुदत आम्हाला दिवसांवर आणावी लागली. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. यादीत डिस्प्रोशियम आणि टर्बियम होती, निओडायमियम नव्हतं. डिस्प्रोशियम असलेल्या चुंबकांसाठी मोटर कुठे वापरणार, इथपर्यंतची कागदपत्रं मागितली जाऊ लागली. समेरियम-कोबाल्टच्या चुंबकांकडे वळावं, तर समेरियमही त्याच यादीत!

तेव्हापासून आम्ही मोटरच्या रचनेत सुरुवातीपासून हात घालतो. रोटरला हवा जास्त मिळाली तर एक पायरी खालचा ग्रेड चालतो. जिथे चालत नाही, तिथे डिस्प्रोशियम पृष्ठभागावरून चुंबकातल्या बारीक स्फटिककणांच्या सीमांमध्ये मुरवलेले चुंबक घेतो. त्यात ते बरंच कमी लागतं. पण ते मुरतं काही मिलिमीटरच, म्हणून जाड चुंबकांच्या ऑर्डरला अजून जुनाच ग्रेड आणि जुनाच भाव.