माका तेल, चौथा घाणा: वात गप्प जळली!

परवा तिसऱ्या घाण्याची बाटली उघडली आणि जीव खट्टू झाला. आंबूस वास, तळाला गढूळ थर. पाणी राहिलं होतं. लाकडी घाण्याचं तीळतेल आणि दोन दिवसांची मेहनत, सगळं मोरीत.

प्रमाण आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांचंच होतं: कल्क (वाटलेला गोळा) १, तेल ४, रस १६. म्हणजे ६० ग्रॅम वाटलेला माका, २४० ग्रॅम तेल, ९६० ग्रॅम रस. वातीची परीक्षाही केली होती. कल्क बोटांत वळला, जाळावर धरला तर तडतडला नाही. मग पाणी राहिलं कुठे?

काल चौथा घाणा ढवळताना दिसलं, की कढईच्या कडेला चढलेला कल्क कोरडा होता आणि तळाचा अजून लगदा. मागच्या वेळी मी कडेचाच उचलला होता! दोन वाती वळल्या. कडेची गप्प जळली, तळाची तडतड तडतड. मग मंद आचेवर आणखी चाळीस मिनिटं, उलथन्याने तळ खरवडत. फेस चढला (तेलात फेस आला की पाक, म्हणजे तेल शिजून तयार होणं, जवळ आला; तुपात फेस बसला की), आणि तळाची वातही आवाज न करता जळली. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. गरम असतानाच मलमलीतून गाळलं. काळपट हिरवं, स्वच्छ तेल.

माक्याबद्दल एक सांगते. पितृपक्षात मंडईत जुड्या मिळतात, पण कोमेजलेल्या. रस निघत नाही. नर्सरीतून 'माका' म्हणून एकदा पिवळ्या फुलांची वेल गळ्यात पडली होती. मी आता पांढऱ्या फुलांचा, ओढ्याकाठचाच आणते. देठ चिमटीत चुरडला की थोड्याच वेळात बोटं काळी पडतात, ती खूण. आजी लावणीच्या दिवसांत हाच रस पायाच्या चिखल्यांना लावायची. टकलावर केस उगवतील असं मी कुणाला सांगणार नाही. डोकं थंड राहतं आणि झोप छान लागते, हा माझा अनुभव.

पाचवा घाणा खोबरेलात करायचा ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी तीळतेलच घ्यावं आणि अर्धं मध्यम पाकावर (कल्क कोरडा पण मऊ) काढून उरलेलं खर पाकावर (कल्क किंचित कडक) न्यावं. अभ्यंगाला खर पाकच सांगितलाय. दोन्ही शेजारी ठेवून कुठलं जास्त टिकतं ते बघू.

बाटल्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्यात. बाटलीत पाण्याचा थेंबसुद्धा आता नको.